मोडका डोंगर आणि त्याची चांदी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, मी कामगार कायद्यावर बोलावे. ते साहजिकच आहे. माझे आयुष्य त्यातच गेले. परंतु मी त्यांना म्हटले, कायद्यावर बोलणारे वकील आपल्या गावात पुष्कळ आहेत. मला चांदीवर बोलू द्या. ते क्षणभर गप्प झाले. युनियनवाला आणि चांदी, हे समीकरण त्यांना जुळेना. पण त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

प्रथमच एक गोष्ट सांगून टाकतो. मी भूस्तरशास्त्रज्ञ नव्हे. माझे शालेय शिक्षण नववीत संपले आणि भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या एका खदानीत मी वडिलांच्या पाठोपाठ कामाला लागलो. पुढे जे काही वाचले ते वाचनालयात, रात्रीच्या वेळी, कोश शेजारी ठेवून वाचले. तेव्हा माझ्या सांगण्यात एखादी चूक राहिली तर श्रोत्यांत बसलेल्या प्राध्यापकांनी ती सभा संपल्यावर जरूर दाखवावी.

आता हा नाद मला लागला कसा, ते सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे समजणार नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या खदानीच्या फाटकावर एक नोटीस लागली. तिचा मतलब इतकाच होता की, खनिज संपले आहे, सबब काम बंद करण्यात येत आहे. साडेतीनशे माणसांच्या पोटाचा प्रश्न होता. मी तरुण होतो, अंगात रग होती. फाटकासमोर सभा घेतली आणि ठणकावून सांगितले की, हे सारे खोटे आहे, डोंगर खनिजाने भरलेला आहे. टाळ्या पडल्या. पुढे कामगार अधिकाऱ्यांसमोर बैठक झाली. त्या गृहस्थांनी मला शांतपणे विचारले, “कशावरून?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. नकाशा मला वाचता येत नव्हता. खडकाच्या थराचा उतार कुठे जातो हे मला कळत नव्हते. थोडीफार नुकसानभरपाई घेऊन आम्ही सह्या केल्या.

त्यानंतर काही वर्षांनी त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाने, खालच्या पातळीवर, ठेकेदाराची माणसे लावून काम सुरू झाले. तेव्हा एका निवृत्त सर्व्हेअरने मला घरी बोलावून कागदावर रेघा मारून दाखवल्या. तो थर संपलेला नव्हताच, तो खाली वळला होता. संपले होते ते जुन्या पद्धतीने काढायला परवडणारे खनिज. आणि त्याचा पुरावा कुठे होता म्हणता? जमिनीला भोके पाडून काढलेल्या खडकांच्या कांड्या लाकडी पेट्यांत भरून फाटकाजवळच्या शेडमध्ये ठेवल्या होत्या. मी सभा घेत असे ती त्याच पेट्यांवर उभा राहून! पुरावा माझ्या पायाखाली होता आणि मी त्यावर उभा राहून आरडाओरडा करत होतो. साडेतीनशे घरांचे नुकसान झाले त्यात मालकाचा वाटा होताच, पण माझ्या अज्ञानाचाही होता. ती बोच अजून गेलेली नाही.

त्या दिवसापासून मी खडकांबद्दल वाचू लागलो. आणि वाचता वाचता एका दूरच्या डोंगराची हकीकत हाती आली. चांदी जमिनीत कशी तयार होते, माणूस ती कशी शोधतो आणि ‘संपले’ या शब्दाचा अर्थ काय, या तिन्ही गोष्टी तिच्यात एकत्र सापडतात. तो डोंगर म्हणजे ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल. शब्दशः मोडका डोंगर.

न्यू साउथ वेल्स प्रांताच्या पश्चिम टोकाला हे ठिकाण आहे. सिडनीपासून अकराशे किलोमीटरांहून अधिक लांब, ॲडलेडपासून सुमारे पाचशे. पाऊस वर्षाला दहा इंच पडला तर पडला. ही भूमी मूळची विल्याकाली लोकांची. १८४४ साली चार्ल्स स्टर्ट नावाचा प्रवासी या भागातून गेला, त्याने या मोडक्या डोंगराचा उल्लेख केला आणि तो पुढे निघून गेला. १८७६ साली जवळच थॅकारिंगा येथे चांदी सापडली. पाठोपाठ सिल्व्हर्टन हे गाव उभे राहिले. खनिज शोधणाऱ्यांची झुंबड उडाली. परंतु गंमत अशी की, सगळ्यांत मोठा साठा ज्या काळ्या कुबडासारख्या टेकाडात होता, त्याच्याकडे हे सारे तज्ज्ञ पाठ फिरवून जात होते. ते टेकाड निकामी दगडांचे आहे, असा सर्वांचा समज होता.

माउंट गिप्स नावाच्या मेंढ्यांच्या कुरणावर चार्ल्स रास्प नावाचा एक जर्मन माणूस नोकरीला होता. घोड्यावर बसून कुंपणे तपासत फिरायचे, हे त्याचे काम. त्याने ॲडलेडला खनिजे ओळखण्याचे एक लहानसे पुस्तक विकत घेतले होते. ते वाचून त्याची खात्री झाली की, या टेकाडाचा काळा जड दगड म्हणजे कथलाचे खनिज आहे. ५ सप्टेंबर १८८३ रोजी त्याने डेव्हिड जेम्स आणि जेम्स पूल या दोन सोबत्यांना घेऊन त्या जागेवर खुंट्या ठोकल्या. कुरणाचा व्यवस्थापक जॉर्ज मॅक्युलक याने सल्ला दिला की, एकट्यादुकट्याने काही होणार नाही, मंडळी जमवा. अशा सात जणांनी प्रत्येकी सत्तर पौंड घातले. नमुना तपासणीला गेला. कथील निघाले नाही! निघाले थोडे शिसे आणि त्याहून थोडी चांदी.

म्हणजे रास्पने पुस्तक वाचून काढलेले अनुमान साफ चुकले होते. सातांपैकी काहींनी कंटाळून आपले हिस्से विकले. मॅक्युलकने आपल्या हिश्श्याचा एक तुकडा विकायला काढला, तेव्हा किंमत शंभर पौंड घ्यायची की एकशेवीस, हे पत्त्यांच्या डावावर ठरले. पुढे थोड्याच वर्षांत त्या तुकड्याची किंमत लाखो पौंडांत गेली. पण १८८४ साल संपून १८८५ उजाडण्याच्या सुमारास, फिलिप चार्ली नावाच्या त्यांच्यातल्या सर्वांत तरुण भागीदाराला खड्ड्यातल्या मातीत मेणासारखा, नखाने ओरखडा उठेल असा मऊ पदार्थ दिसला. तो चांदीचा क्लोराइड होता. ऑगस्ट १८८५ मध्ये ब्रोकन हिल प्रोप्रायटरी कंपनी स्थापन झाली. पहिली अठ्ठेचाळीस टन माती गाळली तेव्हा तिच्यातून पस्तीस हजार औंसांवर चांदी निघाली. आपल्या हिशेबाने टनामागे तेवीस किलो! हे वाचले तेव्हा माझा विश्वास बसेना. कारण आज टनामागे शे-दीडशे ग्रॅम चांदी मिळाली तरी ती उत्तम खाण समजतात.

ही एवढी चांदी तिथे आली कशी? इथे आपल्याला मोठी उडी मारून सुमारे एकशेसत्तर कोटी वर्षे मागे गेले पाहिजे.

त्या वेळी तिथे डोंगर नव्हता, समुद्राचा तळ होता. जमीन ताणली जाऊन खोलगट झाली होती आणि तिच्यात वाळू व चिखल यांचे थर साचत होते. भूगर्भातून अत्यंत खारट, गरम पाणी वर येई. खारट गरम पाण्यात शिसे, जस्त आणि चांदी विरघळून प्रवास करू शकतात. गंधकाची गाठ पडली की मात्र त्यांचे विरघळलेपण संपते. धातूंचा आणि गंधकाचा हा स्नेह आपल्या घरातही दिसतो. देवघरातले चांदीचे निरांजन काळे पडते ते हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळेच. त्या चिखलात असेच घडले. शिशाचे आणि गंधकाचे गॅलेना हे खनिज बनले, जस्ताचे आणि गंधकाचे स्फॅलेराइट बनले. चांदी कुठे गेली? ती बहुतांशी शिशाच्या आश्रयाला गेली. काही गॅलेनाच्या कणांतच दडली, काही त्यांच्या लगतच्या बारीक खनिजांत राहिली. म्हणून जगात पुष्कळ ठिकाणी चांदीची खाण म्हणजे वास्तविक शिशाची आणि जस्ताची खाण असते.

पुढे हे थर खोल गाडले गेले, जवळजवळ आठशे अंश सेल्सियसपर्यंत तापले आणि दाबाखाली त्यांच्या घड्यांवर घड्या पडल्या. आपण पोळीला तेल लावून घडी घालतो, पुन्हा लाटतो, पुन्हा घडी घालतो, तेव्हा आतले तेल घडीच्या वळणाशी जमा होते. खडकात तसे व्हायला लाखो वर्षे लागतात, पण तत्त्व हेच. मऊ पडलेले गॅलेना वळणांशी जाड होऊन बसले. शेवटी जो आकार तयार झाला तो पाठ वर करून ठेवलेल्या केळ्यासारखा. सात किलोमीटरांहून लांब, मध्ये उंच आणि दोन्ही टोके जमिनीत खोल गेलेली. वरचे खडक कोट्यवधी वर्षे झिजत राहिले आणि केळ्याची पाठ उघडी पडली. तीच ते काळे टेकाड.

आता प्रश्न असा की, टेकाडाचा दगड काळा का होता आणि तज्ज्ञ का फसले? पाऊस आणि हवा उघड्या गंधकी खनिजावर काम करतात. गंधकाचे आम्ल बनते. ते आम्ल शिसे, जस्त आणि चांदी यांना धुऊन खाली नेते आणि वर उरतो लोखंड व मँगनीज यांचा गंज. म्हणजे वरचे टेकाड हे खऱ्या खनिजाचे जणू जळके टोपरे होते. खाली शंभर मीटरच्या आसपास खोलीपर्यंत निसर्गाने धातूंची फेरमांडणी केली होती. त्या रखरखीत मुलखात जमिनीत मीठ भरपूर. उतरणारी चांदी त्या मिठातल्या क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन यांच्याशी जोडली जाऊन एका जागी थबकली आणि साठत गेली. चार्लीने नखाने खरवडली ती हीच. सोनारआळीत झारेकरी राख धुऊन सोन्याचांदीचे कण एकत्र करतो, तसे हे काम. फरक इतकाच की, इथला झारेकरी पाऊस होता आणि त्याने मजुरी मागितली नाही.

यातले एक तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण ते आपल्या घरचे आहे. ब्रोकन हिलच्या खडकात एक विशिष्ट तांबूस गार्नेट सापडते, ज्यात मँगनीज असते. आमच्या भंडारा-नागपूरच्या मँगनीज पट्ट्यातही तेच गार्नेट आणि गार मिळून झालेला खडक आहे. फर्मोर या भूस्तरशास्त्रज्ञाने १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने या खडकाला आपल्या गोंड बांधवांवरून ‘गोंडाईट’ असे नाव दिले. तो खडक फोडत माझे वडील म्हातारे झाले. जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत आपल्या जंगलातल्या माणसांचे नाव गेले आहे, याचा त्यांना पत्ताही नव्हता. मला तो पंचेचाळिशीत लागला.

या सर्व गोष्टी शास्त्रज्ञांना पहिल्यापासून ठाऊक होत्या, असे मात्र समजू नका. कितीतरी वर्षे बहुतेकांचे मत असे होते की, खडक आधी तयार झाला आणि धातू मागाहून, खोलवरच्या तप्त द्रवांतून त्यात शिरले. १९५० नंतर हॅडन किंग आणि त्यांच्यासारख्या खाणीत काम करणाऱ्या भूस्तरशास्त्रज्ञांनी नेट धरला की, खनिजाचे थर भोवतीच्या खडकांच्या थरांशी इतके इमानाने समांतर जातात की ते त्यांच्याबरोबरच साचलेले असले पाहिजेत. आज पुष्कळांचा कल तिकडे आहे, तरी तपशिलाचे वाद मिटलेले नाहीत. मला यात एक धडा दिसला. शास्त्रात मोठ्या माणसाला “कशावरून?” असे विचारणे हा उद्धटपणा समजत नाहीत.

आता ‘संपले’ या शब्दाकडे येतो.

वरची मऊ, श्रीमंत माती दहा-पंधरा वर्षांत उपसली गेली. १८९० नंतर खाली मूळ गंधकी खनिज लागले. तिथे सगळे अडले. शिसे आणि जस्त यांचे कण एकमेकांत असे गुंतलेले की वेगळे करता येईनात. शिशाचा काही भाग निघे, पण जस्त आणि बरीचशी चांदी फुकट जाई. दळलेल्या दगडाचे डोंगर बाहेर पडून राहिले. अनेकांनी म्हटले, ब्रोकन हिल संपले.

पण ते संपलेले नव्हते. या शतकाच्या नव्हे, मागच्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, १९०१ ते १९०३ च्या दरम्यान, पॉटर, देलप्रा वगैरे मंडळींनी तिथे एक विलक्षण युक्ती अमलात आणली. दळलेला दगड आम्ल मिसळलेल्या पाण्यात ढवळला की बुडबुडे निघतात आणि जस्ताच्या खनिजाचे कण त्या बुडबुड्यांना चिकटून वर तरंगतात. निकामी दगड मात्र बुडतो. जड वस्तू तरंगते आणि हलकी बुडते! पुढे तेलाचा वापर होऊन ही पद्धत सुधारली. आज जगातले बहुतेक तांबे, शिसे आणि जस्त याच फेसाच्या पद्धतीने वेगळे करतात. १९०५ साली झिंक कॉर्पोरेशन नावाची एक कंपनी केवळ तो टाकाऊ ढिगारा धुण्यासाठी निघाली. तिच्या उभारणीत हर्बर्ट हूव्हर हा अमेरिकन इंजिनिअर होता, जो पुढे आपल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. कालचा कचरा आजचा साठा झाला. जमीन तीच राहिली, माणसाचे ज्ञान बदलले.

दुसरी गोष्ट शोधाची. केळ्याची दोन्ही टोके जमिनीत उतरतात, हे मी सांगितले. ती किती खोल जातात, हे वरून कसे कळणार? त्यासाठी पोकळ नळीच्या तोंडाला हिरे बसवून खडकात भोक पाडतात. नळीच्या आत खडकाची अखंड कांडी सापडते. ती पेटीत क्रमाने मांडून, किती मीटरवर काय लागले, थराचा कोन किती, हे लिहितात. एका कांडीने काही कळत नाही. दहा भोकांच्या कांड्या कागदावर जोडल्या की न पाहिलेल्या थराचे चित्र उभे राहते. ब्रोकन हिलच्या दक्षिण टोकाला १९३० च्या दशकात अशाच ड्रिलिंगने खोलवरचे मोठे साठे उघडकीला आले. ज्या कंपनीने ही खाण सुरू केली तिने १९३९ मध्ये तिथला गाशा गुंडाळला. तोवर ती पोलादाच्या धंद्यात शिरली होती. पण तिच्या शेजारणी पुढे कित्येक दशके खोदत राहिल्या. ब्रोकन हिलचे काम आजही पुरते थांबलेले नाही. पुढे १९९० साली त्याच जुन्या कंपनीला क्वीन्सलँडमध्ये कॅनिंग्टन येथे तशाच प्रकारचा, चांदीने समृद्ध असा साठा सापडला. तिथे तर वर टेकाडही नव्हते. सपाट मातीखाली सारे झाकलेले. विमानातून जमिनीचे चुंबकत्व मोजले, एके ठिकाणी आकडा वेगळा आला, तिथे भोक पाडले. काळे टेकाड पाहून पाठ फिरवणारे तज्ज्ञ आणि काहीच न दिसता थांबून भोक पाडणारे तज्ज्ञ यांच्यात शंभर वर्षांच्या अभ्यासाचे अंतर आहे.

परंतु न्यायबुद्धीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कधी कधी खनिज खरोखरच संपते. ब्रोकन हिलशेजारचे सिल्व्हर्टन हजारो वस्तीचे गाव होते. तिथल्या शिरा बारीक होत्या, त्या लवकर आटल्या. लोकांनी आपली घरेसुद्धा उचलून ब्रोकन हिलला नेली. आज तिथे मूठभर माणसे राहतात. तेव्हा “डोंगर भरलेला आहे” असे ओरडणारा पुढारी आणि “संपले” अशी नोटीस लावणारा मालक, दोघेही बरोबर असू शकतात किंवा दोघेही चूक. निकाल पेटीतल्या कांड्यांनी द्यायचा असतो. म्हणूनच त्या वाचता आल्या पाहेजेत, आणि त्या दोन्ही बाजूंना पाहता आल्या पाहिजेत.

आता खनिजाकडून माणसांकडे वळतो. नाहीतर आपण म्हणाल, युनियनवाला खडकातच हरवला.

या डोंगराची चांदी ज्यांनी बाहेर काढली त्यांना पहिल्या वर्षांत प्यायला पाणी नव्हते. १८८८ साली विषमज्वराने माणसे पटापट मेली. सामान वाहायला उंट होते. ते बहुतांशी कराचीहून जहाजाने ऑस्ट्रेलियात येत, आणि कराची त्या वेळी आपल्या मुंबई इलाख्यात होती. त्यांच्याबरोबर अफगाण, बलुची, पंजाबी आणि सिंधी उंटवाले गेले. त्यांनी बांधलेली पत्र्याची लहानशी मशीद ब्रोकन हिलमध्ये अजून उभी आहे.

कामगारांनी १८८९ मध्ये संप केला आणि जिंकला. १८९२ मध्ये केला आणि हरले; पुढारी तुरुंगात गेले. १९०९ च्या आरंभी धातूचे भाव पडले म्हणून कंपनीने साडेबारा टक्के पगारकपात मागितली आणि कामगारांनी ती नाकारताच टाळेबंदी झाली. लवाद न्यायाधीश हिगिन्स यांनी निर्णय दिला की, माणसाला जगण्यापुरती मजुरी ही धातूच्या भावावर अवलंबून ठेवता येणार नाही. हा निर्णय मी पुष्कळ वेळा वाचला आहे. मात्र त्यानंतर कंपनीने तो पगार देण्यापेक्षा खाण बंद ठेवणे पसंत केले, हेही सांगितले पाहिजे.

सर्वांत मोठा लढा १९१९ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि १९२० च्या नोव्हेंबरपर्यंत, अठरा महिने चालला. या लढ्याचा खरा विषय धूळ हा होता. दगड कोरडा भोसकला की गारेची बारीक धूळ उडते. ती छातीत बसते आणि परत निघत नाही. त्यात शिशाचे विष वेगळेच. कामगारांनी मागणी केली की, आमच्या छात्या तपासा. डॉक्टरांची समिती नेमली गेली, हजारोंची तपासणी झाली, शेकडो माणसे खाणीत परत जाण्यास अपात्र ठरली. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना भरपाई मिळाली. जमिनीखालच्या कामाचा आठवडा पस्तीस तासांचा झाला. शंभर वर्षांपूर्वी, पस्तीस तास! रात्रपाळी बंद झाली.

हे वाचताना माझ्यासमोर आमच्या खदानीतला एक ड्रिलवाला उभा राहिला. तो चाळिशीत खोकू लागला. दवाखान्याच्या कागदावर क्षय लिहिला गेला. औषधे झाली, खोकला गेला नाही. १९५२ च्या खाण कायद्याखाली सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याचा रोग ठरलेला होता, पण कागदावर तो शब्द लिहायचा कोणी? क्षय म्हटले की दोष जंतूचा, सिलिकोसिस म्हटले की दोष खदानीचा. त्याच्या बायकोला एक पैसा भरपाई मिळाली नाही. गार म्हणजे काय आणि ती छातीत काय करते, हे त्या वेळी मला ठाऊक असते, तर मी दवाखान्याच्या दारात बसलो असतो. भूस्तरशास्त्र हा श्रीमंतांचा छंद आहे असे मी समजत होतो. ते आमच्या छातीचे शास्त्र होते.

ब्रोकन हिलच्या कामगारांचे सारेच चांगले होते, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या संघटनांनी स्वतःचे दैनिक चालवले, गावाचा कारभार हातात ठेवला. पण त्या काळच्या ऑस्ट्रेलियन कामगार चळवळीने आशियाई माणसाला दारातच अडवले, त्या उंटवाल्यांनाही. आणि विवाहित स्त्रियांनी गावात नोकरी करू नये, असा नियम याच संघटनांनी कित्येक दशके चालवला. आपल्या चळवळीला आरसा दाखवणारा इतिहासही आपणच वाचला पाहिजे.

एका माणसाचे नाव मात्र आदराने घेतो. अल्बर्ट मॉरिस हा खाणीत धातूंची तपासणी करणारा साधा नोकर. भोवतालची झाडे भट्ट्यांसाठी तोडलेली, गवत जनावरांनी खाल्लेले, त्यामुळे धुळीची वादळे गावावर चालून येत. वनस्पतींचा अभ्यास त्याने स्वतःच्या हौसेने केला होता. तो म्हणत असे की, जमिनीला कुंपण घाला, थोडी स्थानिक झाडे लावा, बाकीचे जमीन स्वतः करील. १९३६ मध्ये त्याचे ऐकले गेले आणि गावाभोवती हिरवा पट्टा उभा राहिला. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाने ब्रोकन हिल या संपूर्ण शहराला राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातले. हा मान मिळालेले ते त्या देशातले पहिले शहर. डोंगरमाथ्यावर खाणीत मेलेल्या आठशेहून अधिक कामगारांची नावे कोरली आहेत.

आपण विचाराल, आपल्याकडे चांदी नाही का? आहे. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीपासून शिसे आणि चांदी काढत. पुढे तिथेच जस्ताची वाफ थंड करून धातू मिळवण्याची कला मोठ्या प्रमाणावर साधली गेली. तिच्या वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींचे ढीग आजही पडले आहेत. १९८० च्या दशकात बडोद्याच्या विद्यापीठातल्या आणि ब्रिटिश म्युझियमच्या अभ्यासकांनी ते तपासले. आपल्या देशातली चांदी आजही मुख्यतः राजस्थानच्या शिसे-जस्ताच्या खाणींतूनच येते, आणि ती पुरत नाही म्हणून आपण बाहेरून आणतो. आपल्या घरातल्या वाटी-चमच्यातली चांदी कुठल्या डोंगरातली आणि कुणाच्या श्वासाची, हे सांगणे कठीण. पण ती कुणाच्या तरी श्वासाची आहे, एवढे निश्चित.

आता समारोप करतो. रास्पने पुस्तक वाचले आणि चुकीचे अनुमान काढले, तरी तो शिकलेल्या मंडळींच्या पुढे गेला. कारण तो खाली उतरला, दगड उचलला आणि तपासणीला पाठवला. माझ्यासारख्या नववी शिकलेल्या माणसाला याने फार धीर दिला. आपण चुकू, पण न वाचता चुकण्यापेक्षा वाचून चुकणे बरे. वाचून केलेली चूक दुरुस्त होते.

या सभेत खदानीतली, कारखान्यातली पोरे मागच्या रांगांत बसली आहेत, ती मला दिसतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. उद्या तुमच्या फाटकावर ‘संपले’ अशी नोटीस लागेल, तेव्हा सभा जरूर घ्या. मात्र ज्या पेट्यांवर उभे राहाल, त्या आधी उघडून पाहा.